'लिबर्तिन' हे गाव की माणसं?

सावली७
आमच्या बायबलवर्गात प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 चालू आहे. येशूचा अनुयायी स्तेफन याच्याशी वाद घालणाऱ्यांत 'लिबर्तिन' लोकांचं सभास्थान येतं. इतकी वर्षं मी ते गाव समजत होते! पाळकसाहेब म्हणाले, सुटलेले गुलाम. मग त्यांचं जेरुसलेमात सभास्थान कसं?

जुनादगड
ताई, साहेब बरोबर आहेत. इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पाँपेने जेरुसलेम घेतलं आणि कैदी रोमला नेले. रोममध्ये तिबर नदीपलीकडचे बहुतेक यहुदी असे मालकांनी सोडलेलेच, असं त्या काळचा यहुदी लेखक फिलो लिहितो. धान्यवाटप शब्बाथला आलं तर त्यांचा वाटा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा, असा सम्राट ऑगस्टसचा हुकूम होता. (आमचा रेशनवाला जेवायच्या सुट्टीनंतरसुद्धा थांबत नाही.)

काही कुटुंबं परतली असणार. 1913 साली जेरुसलेमात एका हौदात ग्रीक लेख सापडला: वेत्तेनसचा मुलगा थिओदोतस, याजक, बाप-आजाही सभास्थानाचे प्रमुख. सभास्थानाशिवाय परदेशातून येणाऱ्यांसाठी खोल्या आणि पाण्याची सोय केलेली, म्हणजे धर्मशाळाच. वेत्तेनस हे नाव रोमन वळणाचं, आणि सुटलेला गुलाम मालकाच्या घराण्याचं नाव लावायचा. म्हणून काहीजण हेच लिबर्तिनांचं सभास्थान मानतात. नुसत्या नावावरून एवढी उडी मला झेपत नाही.

खाडीकाठ
सोडलं म्हणजे खरंच मोकळं?

जुनादगड
तीच तर गोम आहे. काळ्या समुद्राकाठी पांतिकापायनला, इ.स. 81 मध्ये, ख्रेस्ते नावाच्या बाईने घरात जन्मलेला गुलाम हेराक्लास प्रार्थनागृहात सोडला. कुठंही जा, वारसांचा त्रास नाही. फक्त प्रार्थनागृहाचा मान आणि तिथली हजेरी सुटायची नाही. देखरेख यहुदी समाजाची. इजिप्तात ऑक्सिरिंकसला 291 मध्ये तर समाजानेच पैसे मोजले: 40 वर्षांची पारामोने आणि तिची लेकरं, 14 टॅलंट (तेव्हाचं पैशाचं मोठं माप) चांदी. धाकटा याकोब 4 वर्षांचा.

पण माझ्या मनाला सगळ्यांत लागतो तो नेपल्सकडचा दगड. क्लाउदिया आस्तेर, जेरुसलेमची कैदी, वय 25. क्लाउदिया हे सम्राटाच्या घराण्याचं नाव, आस्तेर म्हणजे आपली एस्तेर. दगड बसवला सम्राटाच्याच एका सोडलेल्या गुलामाने. त्यावर विनवणी आहे: कायदा मोडून कुणी माझा लेख पाडू नये, एवढं बघा.

सावली७
एस्तेर माझ्या आजीचं नाव. रविवारी हाच दगड वाचून दाखवते. माझं ते 'लिबर्तिन गाव' मात्र इथंच राहू द्या!