मदत हवी आहे: काकांची जुनी रॅले ट्वेन्टी मला बसेना, सीट वर न्यायची कशी?

खानापूरचा_उंच
नमस्कार मंडळी. थोरल्या काकांची छोट्या चाकाची फोल्डिंग सायकल माळ्यावरनं काढलीय, ते बोटीवर नोकरीला होते तेव्हा विलायतेहून आणलेली. टायर-ट्यूब नवीन घातल्या, चेन धुतली, पळते झकास, खरं मला बसेना. सीट पार वर ओढली तरी गुडघे दुमडूनच पॅडल मारावं लागतं आणि वळताना गुडघा हँडलला घासतो. रोज खानापूरहून बेळगावला गाडीनं येतो, स्टेशनवरनं उद्यमबागेला हीच न्यायची आहे सोमवारपासून. वेल्डिंगवाला म्हणतोय सीटच्या दांडीवर पाईप जोडून देतो, तासाभराचं काम. जोडू का? उद्या सुट्टी आहे, लवकर सांगा की वो कुणीतरी.

निपाणी_पेडल
उंची किती? दांडीचा व्यास किती? किती वर पाहिजे? फोटो नाही, माप नाही, काय सांगणार.

टिळकवाडीकर
माझं ऐका, ती कुणा लहान पोराला द्या आणि अठ्ठावीस इंची चाकाची काळी मोठी सायकल घ्या. मी तीस वर्षं तीच चालवली, टिळकवाडीच्या तिन्ही रेल्वे गेटांतनं, पाठ एकदा दुखली नाही. उंच माणसाला बारकं चाक शोभत नाही आणि सोसतही नाही.

खानापूरचा_उंच
काका, ती मोठी सायकल गाडीच्या डब्यात कशी घालू? आणि ही घरची आहे, द्यायची नाही. बाकी मदत करा की.

जुनी_सायकल_शहापूर
ट्वेन्टी म्हणजे रॅलेची १९६८ च्या सुमाराची रचना. मागच्या हबवर (चाकाच्या मधला भाग) स्टर्मी-आर्चर ए डब्ल्यू असं कोरलेलं असेल, तीन गिअर, त्याच्या शेजारी छोटे आकडे असतात ते वर्ष आणि महिना. बघून सांगा. या हबचा दुसरा गिअर सरळ, पहिला पाऊण पट, तिसरा एक आणि एक तृतीयांश पट. तुम्हाला पहिला पुरे आहे, चढाला सीटवरनं उठायची गरज पडत नाही. आणि काही केलं तरी बॉटम ब्रॅकेटचे (पॅडलचा आस जिथं फिरतो ते घर) कप बदलायच्या मागे लागू नका, रॅलेचे आटे इंचाला २६, बाजारातला माल बसत नाही.

खानापूरचा_उंच
हबवर ७४ ५ लिहिलंय. खरं मी गिअर विचारलाच नाही वो! सीट!! माझी उंची सहा फूट दोन इंच.

निपाणी_पेडल
नुसती उंची पुरत नाही. भिंतीला पाठ लावा, बूट काढा, दोन पायांच्या मधे पुस्तक घट्ट वर ओढून धरा, जमिनीपासनं पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ते माप गुणिले ०.८८३ म्हणजे पॅडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासनं सीटच्या वरपर्यंतचं अंतर. अंदाज मिळतो, नंतर एखादा सेंटिमीटर इकडं-तिकडं.

खानापूरचा_उंच
मोजलं. ९० सेंमी. म्हणजे ७९ च्या वर थोडं. आत्ता सीट शेवटच्या खुणेवर आहे, ६८ भरलं.

लेथवर_असतो
उद्यमबागेतच टर्नर आहे, म्हणून सांगतो, वेल्डिंग करू नका, आधी तो विचार सोडा. ११ सेंमी लांबवलं की सगळा ताण फ्रेमच्या तोंडाशी, जिथं दांडी आत जाते तिथं येतो. जोडाजवळचा पाईप तापून मऊ झालेला असतो आणि आतली दांडी जुनीच. खड्ड्यात एक दणका बसला की वाकेल नायतर तुटेल, आणि तुम्ही तिच्यावर बसलेले असाल. माझ्या मावसभावाचा दात गेला असाच, दुसऱ्या सायकलीवर.
दांडीचा व्यास व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायचं साधन) मोजा. ट्वेन्टीचा २८.६ मिमी असायला हवा.

मुलगी_कॅम्पची
मग अॅल्युमिनियमची लांब घ्या! २७.२ ची लांब सीट पोस्ट ऑनलाइन मिळते, मधल्या फटीला शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालायचा, काम झालं. लेथ कशाला? मी माझ्या फोल्डिंगला तेच केलंय, दोन वर्षं झाली.

लेथवर_असतो
ताई, तुमची उंची किती? यांना एवढं लांब पाहिजे, एवढ्या लांब बाहेर आलेल्या पातळ पोस्टवर शिम सैल झाला की डुलते. स्टीलची जाड सीमलेस (बिनजोडाची) ट्यूब घ्यायची, बाहेरून टर्न करून (लेथवर कातून) २८.६ वर आणायची. वरच्या टोकाला सॉलिड बारचा तुकडा घट्ट बसवायचा, त्याचं डोकं २२.२ ला टर्न करायचं, म्हणजे जुनी गादी आहे त्या क्लॅम्पमधेच बसते. एक अख्खी दांडी, मधे जोड नाही.

मुलगी_कॅम्पची
माझी पाच फूट आठ. शिमचं डुलणं मान्य, खरं वजन बघा तुमच्या दांडीचं.

लेथवर_असतो
असू दे. वजन पाय उचलतील.

टिळकवाडीकर
आमच्या लहानपणी तासावर भाड्यानं सायकल मिळायची, सीट खालीवर करायला दुकानदार पाना घेऊन बाहेर यायचा. आता पाना द्यायला पण कुणी नाही.

जुनी_सायकल_शहापूर
आत किती दांडी राहते तेही बघा. व्यासाच्या अडीच पट किमान, म्हणजे सात सेंमीच्या वर. मी म्हणेन मागचे दोन बारीक पाईप सीट ट्यूबला जिथं जुळतात त्याच्या खालीपर्यंत गेली पाहिजे. आणि फोल्डिंगचा विचार केला का? खाली बॉटम ब्रॅकेट आडवं येतं, लांब दांडी पूर्ण आत जाणार नाही. गाडीत घेताना उपसून हातात धरावी लागेल.

खानापूरचा_उंच
हे सुचलंच नव्हतं. उपसायला काय अवघड नाही. व्हर्नियर शेजारच्या कारखान्यातनं आणला, २८.६ बरोबर. आणि हँडलचं काय?

निपाणी_पेडल
सीट वर गेली की गुडघा कमी दुमडेल आणि आपोआप हँडलपासनं लांब राहील. गादी रेल्सवर थोडी मागं घ्या, फार नाही, तुमचं वजन मागच्या चाकावर गेलं तर चढाला पुढचं चाक हलकं होतं. हँडल वर ओढाल तर स्टेमच्या (हँडलच्या दांडीच्या) खुणेच्या वर जाऊ नका.

मुलगी_कॅम्पची
आणि ब्रेक! रिम स्टीलची आहे ना? बेळगावच्या पावसात ओल्या क्रोम रिमवर रबर घसरतं, दाबून पण थांबत नाही. ब्रेक पॅड बदला. टायर घेताना २० इंच एवढंच बघून घेऊ नका, बाजूला ४५१ आहे का ४०६ (रिमचा व्यास, मिमीत) ते वाचा. फरक ४५ मिमीचा आहे, एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही.

खानापूरचा_उंच
(आठ दिवसांनी) लेथवाल्या आण्णांनी सांगितली तशी दांडी करून घेतली, त्यांच्याकडेच. पैसे घेतले ते पाईपचेच. आत ११ सेंमी राहतंय, पाय सरळ होतात, गुडघा कुठं लागत नाही. सोमवार हुकला, रिक्षानं गेलो. गाडीत दांडी उपसून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं फ्रेमला बांधतो.

मुलगी_कॅम्पची
आणि ब्रेक?

खानापूरचा_उंच
पॅड आणलेत. उद्या सकाळी घालतो, पाऊस यायच्या आत.