बीएमडब्ल्यू झेड-४ (ई८९): रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवावेत का?

पश्चिमघाट

नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची बीएमडब्ल्यू झेड-४ एसड्राइव्ह ३५आय, म्हणजे ई८९ पिढीतली गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी ती वापरलेली घेतली आणि महिन्यातून दोन-तीन वेळा पुण्याहून ताम्हिणीकडे किंवा महाबळेश्वरकडे नेतो. पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ या मापाचे रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर आहेत. नक्षी पुष्कळ शिल्लक आहे, परंतु बाजूवर छापलेल्या, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणाऱ्या चार आकड्यांवरून ते सात वर्षांचे झाले आहेत आणि रबर कडक झाल्याचे नखाने दाबले तरी कळते, म्हणून चारही बदलण्याचे नक्की केले आहे.

पुन्हा रन-फ्लॅटच घ्यावेत की साधे ट्यूबलेस, हे मात्र ठरत नाही. सरळ रस्त्यावरचे धक्के मला चालतात. अशा गाडीकडून मऊपणाची अपेक्षा मी ठेवत नाही. मला खुपते ते वेगळे आहे. घाटातल्या वळणावर, गाडी एका बाजूला भार देऊन स्थिर झालेली असताना, डांबराचा एखादा उंचवटा आला की मागची चाके बाहेरच्या बाजूला झटकन सरकतात आणि पुढच्या वळणाला हात आपोआप आखडतो.

सर्व्हिस सेंटरने साधे टायर लावू नका असे सांगितले, कारण विचारल्यावर मात्र समाधानकारक उत्तर मिळाले नाही. टायरच्या दुकानाने बिनधास्त लावा असे सांगितले, कारण त्यांच्याकडे तेच तयार होते. म्हणून इथे विचारतो: हाताळणीत नेमका काय फरक पडतो, हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा चालतो का, आणि गाडीत स्टेपनीच नसताना घाटात पंक्चर झाल्यास आपण काय करता? विम्याची काही अडचण येते का, हेही कळले तर बरे होईल.

रबर आणि रस्ता

मी याच पिढीची गाडी नाशिकला सहा वर्षे चालवत आहे आणि त्यातली चार वर्षे ती साध्या टायरवर आहे. आपण वळणातला जो अनुभव सांगितला आहे तो मला तंतोतंत ओळखीचा आहे, म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

साध्या टायरमध्ये गाडीचे वजन मुख्यतः हवा पेलते आणि बाजूची भिंत त्या हवेला आकार देते. रन-फ्लॅटच्या भिंतीत उष्णता सोसणाऱ्या कडक रबराचा जाड थर असतो, त्यामुळे हवा पूर्ण गेली तरी भिंत वजन धरून ठेवते आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येते. ही मर्यादा उष्णतेमुळे आहे: हवा नसताना भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडताना तापते आणि अखेर आतून फाटते. परंतु ही भिंत हवा भरलेली असतानाही तितकीच ताठ असते. वळणात उंचवटा आला की जो धक्का टायरने स्वतःच्या अंगात जिरवायला हवा, तो थेट चाकाला आणि सस्पेन्शनला बसतो, चाक क्षणभर रस्त्यावरून हलके होते आणि तेवढ्या वेळात मागचा भाग सरकतो. त्यात रबर सात वर्षांचे असेल तर पकड आधीच कमी झालेली असते. त्यामुळे आपल्याला दिसणारा सगळा दोष रन-फ्लॅटचा नाही, काही भाग वयाचा आहे, हेही लक्षात घ्यावे.

साधे टायर लावल्यावर पहिल्या दिवशी स्टिअरिंगचे उत्तर किंचित उशिरा येते असे वाटेल. या गाडीचे स्प्रिंग आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी भाग) ताठ भिंतीचे टायर गृहीत धरून निवडलेले आहेत, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. म्हणूनच आरामासाठी बनवलेले टायर घेऊ नयेत. मिशेलिन पायलट स्पोर्टसारख्या, मुळातच वेगवान गाड्यांसाठी बनवलेल्या मालिकेतले घ्यावेत. त्यांची भिंत बऱ्यापैकी भक्कम असते आणि दोन-तीनशे किलोमीटरांत हाताला सवय होते. त्यानंतर खडबडीत वळणात जो फरक जाणवतो, तो मला तरी या गाडीवर केलेल्या कोणत्याही खर्चापेक्षा मोलाचा वाटला. बीएमडब्ल्यूने आधीच्या पिढीतल्या झेड-४ एम या गाडीला कारखान्यातूनच साधे टायर आणि पंक्चर बुजवण्याचा संच दिला होता, तेव्हा हा बदल म्हणजे गाडीच्या प्रकृतीला काही विपरीत आहे असे समजण्याचे कारण नाही.

रिमची चिंता नको. मूळ रिमच्या आत टायरची कडा निसटू नये म्हणून जादा उंच कंगोरा असतो, त्यावर साधा टायर व्यवस्थित बसतो. चारही टायर एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे बदलावेत. पुढे रन-फ्लॅट आणि मागे साधे असा मेळ घालू नये, कारण दोन्ही टोकांची भिंत वेगळ्या रीतीने वाकते आणि गाडीचा तोल बिघडतो. भार निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा बाजूवरचा आकडा पाहावा: पुढच्या मापात तो ८८ किंवा जादा भाराच्या एक्सएल प्रकारात ९२ असतो, मागच्या मापात ९० किंवा ९४. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणेच सुरू करावा.

इशाऱ्याचा दिवा चालतो. या गाडीत बाजारानुसार दोन पद्धती आढळतात आणि आपल्याकडे कोणती आहे ते पुस्तिकेत दिलेले असते. एकीत चाकाच्या आत सेन्सर असतो. दुसरीत एबीएसचे (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करतात. हवा कमी झालेले चाक परिघाने लहान होते, जास्त फेरे घेते आणि त्यावरून इशारा मिळतो. ही दुसरी पद्धत टायर बदलल्यावर मेनूतून नव्याने बसवावी लागते आणि नंतर गाडी काही वेळ चालवावी लागते. तिची एक उणीव आहे: चारही चाकांची हवा महिनाभरात सारखीच उतरली तर तिला काही कळत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी दाब स्वतः तपासण्याला पर्याय नाही.

कसारा

वरील माहिती अचूक आहे, तरीही मी दोनदा टायर बदलताना रन-फ्लॅटच ठेवले आणि त्याचे कारण मांडणे मला गरजेचे वाटते. मी डॉक्टर आहे आणि रुग्णालयातून रात्री उशिरा एकटी घरी परतते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास, कसारा घाट चढताना मागच्या डाव्या चाकाचा इशारा आला. धुके इतके होते की रस्त्याची कड दिसत नव्हती आणि मागून ट्रक एकामागे एक येत होते. मी वेग साठवर आणला, घाट ओलांडला, इगतपुरीपाशी उजेड आणि माणसे असलेल्या पेट्रोल पंपावर थांबले आणि तिथून घरी फोन केला. टायरमध्ये हवा अजिबात उरली नव्हती. साधा टायर असता तर मला त्या वळणावरच उतरावे लागले असते.

तो टायर मात्र टाकून द्यावा लागला. हवा नसताना चाललेल्या रन-फ्लॅटची भिंत आतून किती भाजली आहे हे बाहेरून दिसत नाही. दुरुस्तीबाबत कंपन्यांचे नियम सारखे नाहीत आणि अशा टायरवर पुन्हा घाट उतरण्याची माझी तयारी नव्हती. हा खर्च मोठा आहे. शिवाय जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आल्यापासून काही मापे मिळायला आठवडे लागतात, तेव्हा रन-फ्लॅट घ्यायचे असतील तर मागणी आधीच नोंदवून ठेवावी.

आपण दिवसा, सोबतीने आणि हौसेने गाडी चालवत असाल तर माझा निर्णय आपल्याला लागू होत नाही. आपल्या घरातली दुसरी कोणी व्यक्ती ती गाडी रात्री नेते का, एवढे मात्र ठरवण्यापूर्वी विचारा.

गार्डन स्टेट

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझ्याकडे शेवरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची सी६, म्हणजे सहाव्या पिढीतली गाडी आहे. कॉर्व्हेटने १९९७ च्या सी५ पासून स्टेपनी काढूनच टाकली आणि रन-फ्लॅट दिले, त्यामुळे हा प्रश्न इथल्या मालकांना जुना आहे. मी साधे टायर लावले आणि गाडी कमी गोंगाट करते हा मला अनपेक्षित लाभ झाला. इथे गाडी उचलून नेणारी सेवा बहुतेक ठिकाणी तासाभरात येते, म्हणून माझ्यासाठी निर्णय सोपा होता. ताम्हिणीत मोबाइलला रेंज नसते हे मला पुण्यातल्या दिवसांपासून आठवते, त्यामुळे माझे उत्तर आपण तसेच्या तसे घेऊ नये.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. रन-फ्लॅट रिमवरून काढायला टायरची भिंत दाबून धरणारा मदतीचा हात असलेले यंत्र लागते, कारण ताठ भिंत साध्या यंत्रावर पहारीने ओढली तर रिमची कड खरवडते. माझ्या एका रिमची ती अवस्था एका दुकानात झाली आहे.

रबर आणि रस्ता

पंक्चरचे उत्तर राहिले होते. स्टेपनी घेण्याचा विचार सोडून द्यावा. पुढची आणि मागची मापे वेगळी असल्याने एक स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही, या गाडीचे छत दुमडून डिकीत जाते, त्यामुळे डिकी छत बंद असताना ३१० लिटर आणि छत दुमडल्यावर १८० लिटर एवढीच आहे, आणि काढलेले मागचे रुंद चाक ठेवायला मागची सीटही नाही.

मी डिकीत तीन गोष्टी ठेवतो: बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, दोरीच्या पट्ट्यांचा पंक्चर किट आणि सीलंटची एक बाटली. खिळा नक्षीच्या भागात असेल तर पट्टीने काम होते आणि चार वर्षांत मी ते दोनदा रस्त्याच्या कडेला केले आहे. सीलंट शेवटचा उपाय म्हणून वापरावा, कारण त्याने टायर आणि सेन्सर आतून चिकट होतात. बाटलीवरची मुदतही पाहावी, कारण मुदत संपल्यावर ते आत घट्ट होते. खड्ड्यात आपटून बाजूची भिंत कापली गेली, तर यातले काहीच उपयोगाचे नाही आणि गाडी उचलूनच न्यावी लागते. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गासारख्या रस्त्यावर जाणार असाल तर ही शक्यता धरूनच निघावे.

विम्याबाबत: त्याच मापाचे आणि योग्य भार निर्देशांकाचे टायर असतील तर मला अडचण आली नाही, तरी आपल्या कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. नेहमीच्या पॉलिसीत टायरचे नुकसान, गाडीचेही त्याच अपघातात नुकसान झाले असेल तरच धरले जाते आणि तेव्हाही ५० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे खड्ड्यात केवळ टायर गेला तर तो खर्च, वेगळे संरक्षण घेतले नसल्यास, आपलाच असतो.

पश्चिमघाट

सर्वांचे मनापासून आभार. घरी विचारले, माझी पत्नी ही गाडी आठवड्यातून एकदा संध्याकाळी लोणावळ्याहून परत आणते, ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. आम्ही दोघांनी बोलून असे ठरवले की साधे टायर लावायचे, गाडी उचलून नेणाऱ्या सेवेचे सभासदत्व घ्यायचे आणि पट्टी लावण्याचा सराव तिने आणि मी जुन्या रन-फ्लॅटवर घरीच करायचा, कारण ते तसेही टाकायचे आहेत. पावसाळ्यात संध्याकाळनंतर ती घरातली दुसरी, स्टेपनी असलेली गाडी नेईल. बसवणाऱ्या दुकानाकडे मदतीचा हात असलेले यंत्र आहे, हे काल स्वतः जाऊन पाहून आलो.

एकच शंका उरली आहे: चाकांचे बोल्ट किती आवळावेत?

रबर आणि रस्ता

१२० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आणि चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा बोल्ट सोडून समोरचा घेत. दुकानातली हवेची बंदूक शेवटच्या आवळणीला वापरू देऊ नका. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा तपासा.