मदत हवी आहे: जुन्या पिकअपचा चेक इंजिन लाईट, तोही फक्त भरलेल्या गाडीत घाट चढतानाच

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज स्वतःवरच वेळ आली म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गाडी २०१२ ची डिझेल पिकअप, कॉमन रेल टर्बो (पंप डिझेल जास्त दाबाने एका सामाईक पाईपात म्हणजे रेलमध्ये भरतो, तिथून ते इंजेक्टरना जातं), बीएस ३ (जुना प्रदूषण नियम). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाडीत आता कंपनीचं किती उरलंय हाच प्रश्न आहे. मी सेकंडहँड घेतली तीन वर्षांपूर्वी, आधीच्या मालकाने बरेच उद्योग करून ठेवलेत. मागे दोन-दोन पाटे जास्तीचे, टायर मूळ साईजपेक्षा मोठे, ईजीआरला (एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी वाट) आंधळी प्लेट मारलेली, हौद्याची फळी वाढवलेली, पुढे एलईडी बार आणि प्रेशर हॉर्न. मी स्वतः फक्त सीट कव्हर आणि टेप घातला, देवाशपथ.

सीझनला देवगडहून आंबा भरतो, साठ-पासष्ट पेट्या, नांदगाव तिठ्यावरून फोंडा घाटाने वर दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर मार्केट यार्ड. बाकी वर्षभर चिरे, सिमेंट, पडेल ते. तर गेल्या महिन्यापासून काय होतंय की घाट निम्मा चढला की पिवळा इंजिनचा लाईट लागतो आणि गाडीचा जीवच जातो, २५०० आरपीएमच्या वर जातच नाही, दुसऱ्या गिअरवर रडत रडत चढते, मागे एसट्या आणि ट्रकांची रांग, लोक काय काय बोलतात ते इथे लिहीत नाही. पिकअपला पिकअप नाही म्हणजे काय ते कळलं. बाजूला घेऊन चावी बंद केली, पाच मिनिटं थांबलो की परत चालते, पुढे सपाटीला काही नाही. रिकामी येताना तर घोड्यासारखी पळते. धूर जास्त नाही. सेल्फ मारला की लगेच चालू, गरम असतानाही.

गावातल्या मिस्त्रीने बॅटरीचं टर्मिनल काढून लावलं, लाईट गेला, पुढच्या खेपेला परत. मग एका गॅरेजला स्कॅनर लावला तर दोन कोड निघाले, पी ००८७ आणि पी ०४०१. पहिला म्हणे रेल प्रेशर कमी. मिस्त्री म्हणतो "पंप गेलो तुझो, पन्नास हजार बाजूक काढून ठेव." डिझेल फिल्टर नवीन टाकला, फरक शून्य. मी मोबाईलवर कोड वाचायचा सातशे रुपयांचा ब्लूटूथवाला डोंगल पण मागवला, तो गाडीशी बोलतच नाही.

पन्नास हजार घालायचे का, आणि घातले तर जाईल का हे? सीझन चालू आहे, गाडी चार दिवस उभी ठेवणं परवडत नाही.

----

प्रतिसाद

दादा आधी त्या मिस्त्रीला हात जोडून सांगा की टर्मिनल काढू नको. कोड पुसला की पुरावा गेला. कोड लिहून ठेवायचा, शक्य असेल तर फ्रीझ फ्रेम पण, म्हणजे लाईट लागला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, पाण्याचं टेंपरेचर किती.

डोंगलचं म्हणाल तर बीएस ३ गाड्यांत सोळा पिनचं सॉकेट असतं पण आतली भाषा वेगळी असू शकते. अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल ऑटोवर न ठेवता केडब्ल्यूपी (जुन्या गाड्यांची भाषा) निवडून बघा. आणि स्वस्तातल्या डोंगलमध्ये ज्यावर २.१ लिहिलेलं असतं त्यातले बरेच के लाईनवर (केडब्ल्यूपीची वायर) चालत नाहीत, १.५ वाले चालतात. त्याआधी सॉकेटच्या १६ नंबर पिनला बारा व्होल्ट येतात का ते मीटरने बघा, टेपवाल्याने फ्यूज उडवून ठेवलेला असतो कित्येकदा.

----

प्रतिसाद

पंप गेला असं मला तरी वाटत नाही. पंप किंवा इंजेक्टर खराब असेल तर गरम गाडी चालू होताना त्रास देते, कारण सेल्फवर रेलमध्ये प्रेशर तयार व्हायला पाहिजे. तुमची लगेच चालू होते म्हणताय.

कोड म्हणतो प्रेशर कमी. कमी कशापेक्षा? ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) जेवढं मागितलं त्यापेक्षा. मग एकतर मागणी जास्त आहे किंवा पुरवठा कमी आहे किंवा मोजणारा खोटं बोलतोय. पंप ही तीनातल्या एकातली अर्धी शक्यता झाली, आणि सगळ्यात महाग. स्वस्ताकडून सुरुवात करा.

एक, टाकीतली जाळी. फिल्टर बदलला पण टाकीत सक्शन पाईपला जाळी असते ती कोणी बघत नाही. दोन, फिल्टर ते पंप यामध्ये वीतभर पारदर्शक नळी घाला, रेस देऊन बघा बुडबुडे येतात का, म्हणजे कुठे हवा घेतेय ते कळेल. तीन, इंजेक्टर रिटर्न. मेडिकलमधून सलाईनच्या नळ्या आणा, चार सारख्या बाटल्या घ्या, प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगळ्या बाटलीत सोडा, गाडी पाच मिनिटं चालू ठेवा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गळका. सगळ्या सारख्या तर इंजेक्टरना हात लावू नका.

----

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फक्त एक कळकळीचं. जुन्या डिझेल गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या पाईपचा नट ढिला करून "कुठचा सिलिंडर मारत नाही" ते बघतात. कॉमन रेलवर हे कुणालाही करू देऊ नका. आयडलला (रेस न देता) सुद्धा अडीचशे-तीनशे बार प्रेशर असतं, ती धार कातडीतून आत जाते, बाहेरून टाचणीएवढं दिसतं आणि आतून बोट सडतं. रिटर्नच्या नळ्या वेगळ्या, त्यांना प्रेशर नसतं.

----

प्रतिसाद

एलईडी बारचं वायरिंग कसं केलंय? रिले आहे का थेट मेन लाईटवरून ओढलंय? व्होल्टेज पडलं तरी सेन्सर काहीही दाखवतात. अर्थिंग साफ करून बघा आधी.

(मी टेक्सासात असतो, इकडे पार्ट्सच्या दुकानात कोड फुकट वाचून देतात आणि मग तोच पार्ट तुम्हाला विकतात. मिस्त्री सगळीकडे सारखेच.)

----

धागाकर्ता

सर्वांचे आभार. दोन दिवसांत जमलं ते केलं.

बॅटरी चालू गाडीत १४.१, बार आणि हॉर्न लावून १३.८, अर्थिंग काढून पॉलिश पेपरने घासून लावलं, फरक नाही. पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत. सलाईनच्या नळ्या आणायला गेलो तर मेडिकलवाल्याने विचारलं घरात कोण आजारी, म्हटलं गाडी. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या, एक बोटभर कमी-जास्त असेल. डोंगल केडब्ल्यूपी केल्यावर एकदा लागला आणि परत सुटला, नाद सोडला, गॅरेजवाल्याचा स्कॅनर दोनशे रुपये भाड्याने आणला.

उभ्या गाडीत आयडलला रेल प्रेशरची मागणी २८० बार, मिळतंय २७६. रेस दिली तरी बरोबर. टाकी अजून भरलेली आहे म्हणून जाळी बघायची राहिलीय. म्हणजे उभ्या गाडीत रोग दिसतच नाहीये.

आणि पी ०४०१ चं कोणी बोललं नाही, त्याचा संबंध असेल का?

----

प्रतिसाद

पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून एक्झॉस्ट परत येत नाहीये. येणार कसा, प्लेट तुम्हीच मारलीय. (आधीच्या मालकाने, बरं.) पण घाटातल्या त्रासाशी त्याचा संबंध नाही, कारण पूर्ण लोडवर ईजीआर व्हॉल्व तसाही बंदच असतो. तो कोड वेगळा ठेवा.

आता माझा प्रश्न. तुमच्या यादीत पाटे आहेत, टायर आहेत, प्लेट आहे. असे उद्योग करणाऱ्या माणसाने पॉवर बॉक्स (ताकद वाढवायचा डबा) लावला नसेल हे मला पटत नाही. रेल प्रेशर सेन्सर शोधा, रेलच्या एका टोकाला असतो, तीन वायरींचा कपलर. तिथून वायर धरून हळूहळू मागे जा. वायर सरळ मूळ हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरींच्या जुडग्यात) गेली तर ठीक, मध्येच जास्तीचा कपलर किंवा टेप दिसली तर थांबा आणि इथे सांगा.

----

धागाकर्ता

काय बोलू आता.

बॅटरीच्या ट्रेच्या मागे सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून, वर झिप टाय मारून, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा आहे. सेन्सरची वायर त्यात जाते आणि दुसरीकडून निघून हार्नेसला लागते. तीन वर्षं मी रोज बॉनेट उघडून पाणी ऑईल बघतोय आणि हा तिथे बसलेला. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणतो "अरे तो होय, तो मायलेजचा बॉक्स आहे, काढू नकोस."

हा करतो काय नक्की?

----

प्रतिसाद

हा डबा ईसीयूला खोटं सांगतो. सेन्सर म्हणतो १००० बार, डबा पुढे सांगतो ९००. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडतंय, तो आणखी वाढवतो, म्हणजे खरं प्रेशर अकराशेच्या पुढे जातं, डिझेल जास्त जातं, गाडी ताकदवान वाटते. मायलेज वगैरे बोलायच्या गोष्टी.

आता तुमचा घाट घ्या. समजा पूर्ण लोडवर ईसीयूला १३०० पाहिजेत. डबा दहा टक्के कमी सांगत असेल तर ईसीयूचं समाधान व्हायला खरे साडेचौदाशे लागतील. नव्या पंपाने दिले असते, तुमचा पंप बारा-तेरा वर्षं चाललेला, शिवाय जाळी अर्धी चोंदलेली असेल तर तो साडेतेराशेवर दमतो. ईसीयूला दिसतात बाराशे पंधरा. मागितले १३००, मिळतायत १२१५, काही सेकंद हेच राहिलं की लाईट लावतो आणि गाडी लंगडी करतो. पंपाने खरं तर कामापेक्षा जास्तच दिलेलं असतं आणि कोड येतो "प्रेशर कमी"! स्कॅनरवर जे आकडे बघताय तेसुद्धा डब्याच्या पुढचे आहेत, खरे नाहीतच. म्हणून उभ्या गाडीत सगळं छान दिसतं, आयडलला बहुतेक डबे लुडबूड करत नाहीत.

खात्री करायची तर मल्टीमीटर घ्या. सिग्नलच्या वायरवर डब्याच्या अलीकडे आणि पलीकडे व्होल्ट मोजा. इंजिन बंद, चावी ऑन असताना दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे. मग रेस देऊन मोजा. वायर सोलू नका, कपलरच्या मागून बारीक टाचणी सरकवा.

----

धागाकर्ता

चावी ऑन, दोन्हीकडे ०.५. आयडलला दोन्हीकडे १.१ च्या आसपास. २५०० ला सेन्सरकडे २.४ आणि ईसीयूकडे २.१. भावाने रेस धरली होती, मी तीनदा मोजलं.

डबा काढला. मूळ कपलर तसाच लोंबत होता, सरळ सेन्सरला बसला, काही जोडावंही लागलं नाही. उद्या पहाटे भरून निघतोय.

----

प्रतिसाद

एका वेळी एकच गोष्ट करा आणि स्कॅनर सोबत न्या, शेजारी कोणीतरी बसवून घाटात मागणी आणि मिळकत लिहून घ्या. जाळी आत्ताच साफ केलीत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

----

धागाकर्ता

चार खेपा झाल्यावर लिहितोय, उशिराबद्दल सॉरी, आंबा थांबत नाही.

पहिली खेप, बासष्ट पेट्या, डबा काढलेला, जाळी तशीच. लाईट लागला नाही. पण भाऊ स्कॅनर घेऊन बसला होता, चढाला मागणीपेक्षा चाळीस ते साठ बार कमी मिळत होते. म्हणजे रोग पूर्ण गेला नव्हता, दबला होता. ताकद थोडी कमी वाटते हे खरं, आधी तिसऱ्यावर जायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो एका वळणाला.

परत आल्यावर टाकी उतरवली. जाळीवर काळा चिकट गाळ, शेवाळासारखा, बोटाने निघेना, टूथब्रश लागला. तळाला पाव लिटरभर पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर आठवडा आठवडा उभी असते, त्याचं असावं. टाकी धुतली, फिल्टरचं पाणी काढलं, प्रायमर मारून हवा काढली. त्यानंतरच्या तीन खेपांना फरक दहा-पंधरा बारच्या आत. खर्च स्कॅनरचं भाडं, सलाईनच्या नळ्या आणि दोन वॉशर मिळून हजाराच्या आत.

मिस्त्रीला सांगितलं तर म्हणाला "माका वाटलाच होता."

पी ०४०१ अजून मेमरीत आहे, लाईट मात्र लावत नाही सध्या. आरटीओची फिटनेस तपासणी जूनमध्ये आहे. प्लेट काढू का? गॅरेजवाला म्हणतो प्लेटला आठ एमएमचं भोक पाड, कोड जाईल.

----

प्रतिसाद

भोक पाडून कोड जातोही आणि कधी जात नाहीही, जुगार आहे तो. प्लेट काढा, आधी व्हॉल्व कार्बन क्लीनरने साफ करा, चिकटलेला असणार, मग दोन्हीकडची गॅस्केट नवीन टाका. गाडीत परवानगीशिवाय बदल म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, उगाच कशाला फिटनेसच्या वेळी विषय. पाटे आणि फळीचं पण बघा त्याच वेळी. आणि टाकी धुतल्यानंतरची चौथी-पाचवी खेप झाली की फिल्टर परत बदला, टाकीतला उरलेला गाळ त्यात आला असेल.

----

प्रतिसाद

सहज उत्सुकता, त्या डब्यावर नॉब होता का? किती नंबरवर होता?

----

धागाकर्ता

होता. ९ वर. त्याच्यापुढे आकडाच नाही.