शब्दचर्चा : लाभार्थी

कोपरखैरणेकर
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्या सेक्टरातल्या काही रहिवाशांनी नवी मुंबई पालिकेच्या उमेदवारांना विचारायच्या प्रश्नांचं पत्रक काढायचं ठरवलंय. मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाचाच कारभार चालला, त्यामुळे प्रश्न बरेच साठलेत. मसुद्यात एक वाक्य आहे : 'आर्थिक विषमतेच्या काळात लाभार्थी मतदारांचे प्राधान्यक्रम काय?' यातला 'लाभार्थी' मला खटकतो, पण का खटकतो ते धड सांगता येत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या तोंडी तो कधी ऐकला नाही. त्या विचारतात, "ताई, लाडकीचे पडले का हो?" या शब्दाचा नेमका अर्थ काय? दुसरा कुठला शब्द चालेल?

शास्त्रीबुवा
अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थी विद्या मागतो, शरणार्थी आसरा. त्या हिशेबाने लाभार्थी म्हणजे लाभासाठी ताटकळलेला. सरकारी मराठीत मात्र पैसे मिळून गेलेलाही लाभार्थीच राहतो, आणि बातम्यांत 'अपात्र लाभार्थी' असला चमत्कारिक प्राणीही भेटतो. (विद्यार्थिनी चालते, मग लाभार्थिनी का चालू नये? योजना बहिणींची आणि जाहिरातीत 'लाभार्थी महिला'. असो.)

त्याचा एक चुलतभाऊ आहे : लाभधारक. हा पाटबंधारे खात्यातला. धरणाच्या पाण्याने भिजणारं ते लाभक्षेत्र आणि तिथला शेतकरी लाभधारक. तो पाणीपट्टी भरतो आणि आवर्तन लांबलं तर शाखा अभियंत्याच्या टेबलासमोर जाऊन बसतो. लाभार्थी तसं काही करत नाही. तो ई-केवायसी करतो.

जासईकर
बुवा, लाभक्षेत्राचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचा कौल घेतला होता. महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. सेझ खासगी कंपनीचा, कौल घेणारी यंत्रणा सरकारी. विरोधाचं पारडं जड होतं आणि तो सेझ काही उभा राहिला नाही. कंपनीबद्दल मतदाराला थेट विचारल्याचं असं दुसरं उदाहरण आमच्या पट्ट्यात मला तरी आठवत नाही.

आमच्या गावांत 'लाभार्थी' चालत नाही, 'प्रकल्पग्रस्त' चालतो. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, तसाच. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली आणि ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. आता 'साडेबारा टक्के' हे आमच्याकडे नामच होऊन बसलंय : "चुलत्याचे साडेबारा निघाले, आमची फाईल बेलापुरातच." विमानतळाच्या वेळी त्याचे साडेबावीस झाले. यातला एकही टक्का गावात कुणी 'लाभ' म्हणून मोजत नाही. आपली जमीन गेली, तिचा तो परतावा. तो मागताना भीडभाड नसते.

आणखी एक शब्द नोंदवा : 'गरजेपोटी'. वाढत्या कुटुंबासाठी विनापरवाना बांधलेली ती 'गरजेपोटीची घरं'. मूळचं क्रियाविशेषण, आता शासन निर्णयातही ते घराचं विशेषण झालंय. मत मागायला कुणीही येवो, ओटीवर पाण्याचा तांब्या यायच्या आधी विचारणा होते : "गरजेपोटीच्या घरांचं काय केलंत?"

किसननगरवाला
दादा, ठाण्याकडूनही थोडं. कंपनीला कधी कुणी लाभार्थी म्हटलेलं ऐकलंय? राज्यात १९६४ पासून उद्योगांना सवलती देणारी योजना आहे, तिचं नाव 'सामूहिक प्रोत्साहन योजना'. सप्टेंबर २०१९ मध्ये, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, त्याला 'दरकपात' म्हणाले. मावशींचे दीड हजार मात्र 'फुकट'.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा घरात रोजचा शब्द होता 'देणी'. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, सगळं एका शब्दात. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला वडील त्याचा हिशेब पेन्सिलीने मांडायचे, खोडायचे, पुन्हा मांडायचे. कारखान्याने कामगाराला द्यायची ती देणी आणि पक्षाला द्यायची ती देणगी. धातू एकच, पण देणगी मागावी लागत नाही, आपसूक पोचते. तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी, ही कंपन्यांवरची मर्यादा २०१७ मध्ये उठवली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले तेव्हा तो बदलही अवैध ठरला आणि ही मर्यादा परत आली. न्यायालयाला त्यात जी भीती दिसली तिला मराठीत झकास शब्द आहे : साटंलोटं. पत्रकात तो घाला.

शंकेखोर
राव, शब्द बदलून नळाला पाणी येणार आहे का? मी घोडबंदरला टॉवरमध्ये राहतो. आमच्या सोसायटीची अर्धी सभा टँकरच्या बिलात जाते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई दिव्याहून येतात, त्यांच्याही तोंडी पाणीच, वर गाडीत चढायला मिळत नाही ही तक्रार. दोघांचा पहिला मुद्दा एक आणि मत वेगवेगळं. माणूस दीड हजार घेतो आणि मत त्याला हवं तिथेच टाकतो, त्याला बावळट समजू नका.

आणि तुमच्या वाक्यातला 'विषमता' आधी काढा. देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे २०२२-२३ मध्ये सुमारे ४० टक्के संपत्ती होती, हा वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅबचा अंदाज आमच्या ग्रुपवर फिरला तेव्हा दोन अंगठे आले. दिव्याच्या फलाटावर विषमतेला एकच शब्द आहे : 'परवडत नाही'. भाडं परवडत नाही, क्लास परवडत नाही.

फुकटचं म्हणाल तर मालमत्ता कर थकवणाऱ्यांचा दंड माफ करायला पालिका 'अभय योजना' काढते. थकबाकीदाराला चक्क अभय! आमच्या सभेत त्यावर टाळ्या पडल्या आणि पुढच्याच विषयात एकजण लाडक्या बहिणींवर घसरला.

कोपरखैरणेकर
काका, 'परवडत नाही' पटलं. 'लाभार्थी' काढला. शास्त्रीबुवांच्या 'लाभधारक'चा मोह झाला होता, पण आमच्या सेक्टरात तो धरणाचा शब्द कुणाला कळायचा. आता वाक्य असं :

'दीड हजार खात्यात पडल्यावरही महिन्याला काय परवडत नाही, आणि त्यातलं काय पालिकेच्या हातात आहे?'

त्याखाली दोन प्रश्न : पालिकेच्या कंत्राटी कामगारांची किती देणी थकली आहेत? उमेदवाराच्या पक्षाला पालिकेच्या ठेकेदारांकडून किती देणग्या मिळाल्या? 'प्राधान्यक्रम'ही गेला, 'आधी काय हवं' एवढंच ठेवलं. सोमवारी छापायला जातंय.

शास्त्रीबुवा
उत्तम. फक्त ते दोन प्रश्न एकाखाली एक नका ठेवू, मध्ये पाण्याचा प्रश्न टाका. देणी आणि देणग्या लागून आले की जुळणी करणारा हटकून एकाचं दुसरं करतो, आणि कामगारांच्या नावावर देणग्या छापून येतील.