बीजिंगची ती वाकडी सीसीटीव्ही बिल्डिंग पडत कशी नाही?

खिडकीपाशी: मागच्या महिन्यात कामासाठी बीजिंगला गेले होते, टॅक्सीतून सीसीटीव्हीची, म्हणजे तिकडच्या सरकारी टीव्हीची बिल्डिंग दिसली आणि मान वळवून वळवून बघतच राहिले. दोन टॉवर एकमेकांकडे झुकलेले आणि वर एवढा मोठा तुकडा नुसता हवेत, खाली एक खांब नाही!! हे उभं कसं राहतं? आणि अंगावरच्या त्या तिरक्या रेघा कुठे दाट कुठे विरळ, ती नक्षी आहे का?

सळई_सिमेंट: नक्षी नाही हो, तो सांगाडाच आहे. एरवी भार खांबांतून सरळ खाली उतरतो, इथे टॉवर ६ अंश कललेत आणि वरचा भाग ७५ मीटर बाहेर आलाय, म्हणून सगळ्या बाहेरच्या अंगाला स्टीलची तिरकी जाळी घातलीय. खालचा भाग, दोन टॉवर आणि वरचा भाग मिळून एकच कडं बनतं, त्यामुळे एका बाजूचा जोर जाळीतून फिरत दुसऱ्या वाटेनेही जमिनीत जातो. अरुप या इंजिनीयरिंग कंपनीच्या लोकांनी कुठे किती ताण येतो ते काढलं, जास्त तिथे जाळी दाट केली, कमी तिथे विरळ. बीजिंगला भूकंपाचीही भीती आहे ना. पायाचा राफ्ट, म्हणजे खालची काँक्रीटची सलग जाड लादी, काही ठिकाणी ७.५ मीटर जाड आहे, आणि टॉवरच्या बाहेरपर्यंत पसरवलाय, म्हणजे वजन त्याच्या साधारण मध्यावर येतं.

पहाटपाळी: मला सगळ्यात भारी वाटतं ते जोडणीचं. दोन्ही टॉवरवरून वरचे भाग वेगवेगळे पुढे आणत आणले आणि २००७ मध्ये हवेत जोडले, तेही सकाळी लवकर, कारण दिवसा उन्हाने एका टॉवरचं स्टील जास्त तापणार, दुसऱ्याचं कमी, तसंच जोडलं असतं तर तो ताण कायमचा आत राहिला असता. साइटवर काम केलेल्या माणसाला कळेल त्या सकाळी काय वाटलं असेल.

चौकोनी_अंगण: तिथले लोक तिला मोठी चड्डी म्हणतात, आणि खरं सांगू का, मलाही ती दुरूनच आवडते. एवढं स्टील फक्त वाकडेपणासाठी घालणं मला पटत नाही.

सळई_सिमेंट: फक्त वाकडेपणासाठी नाही पण. तिचे आर्किटेक्ट रेम कूल्हास आणि ओले शेरेन यांना सुईसारखा उंच टॉवर नकोच होता, बातम्या, स्टुडिओ, ऑफिस सगळी माणसं एकाच कड्यात जोडायची होती. उंची २३४ मीटरच आहे, चीनमध्ये याहून उंच ढीगभर आहेत.

खिडकीपाशी: आत्ता फोटो झूम करून बघितला, जिथे वळण आहे तिथेच रेघा गच्च आहेत!! टॅक्सीतून दिसल्या होत्या पण कळलं नव्हतं. खूप आभार सगळ्यांचे.