अमेरिकेतला 'फुकट' फोन: कंपनीचं ट्रेड-इन घ्यावं की अनलॉक फोन सरळ विकत घ्यावा?

हिशेबनीस (धागाकर्ता)

एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल या मोठ्या मोबाइल कंपन्या तिघीही एकच सांगतात: जुना फोन द्या, नवा जवळपास फुकट न्या. माझ्या मते एकच लाइन (म्हणजे एकच नंबर) असलेल्याने या ट्रेड-इनच्या वाटेला जाऊ नये.

नव्या फोनची किंमत दरमहा हप्त्यांनी भरायची असते. सूट त्या किमतीतून वजा होत नाही, दरमहा बिलात जमा होते. एटी अँड टी आणि व्हेरायझनकडे ३६ महिने, टी-मोबाइलकडे बहुतेक २४. मध्येच लाइन बंद केली तर उरलेली सूट बुडते आणि फोनची बाकी एकदम भरावी लागते.

उदाहरणादाखल आकडे धरू. नवा फोन ९९९ डॉलरचा, ट्रेड-इनची सूट ८००. म्हणजे ३६ महिने दरमहा २२.२२ जमा. तोच जुना फोन बाहेर ३५० ला विकला जात असेल, तर कंपनीने खरे जास्तीचे दिले ४५०. त्याला ३६ ने भागा: महिना साडेबारा डॉलर. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा, ऑफरसाठी लागणारा प्लॅन स्वस्त प्लॅनपेक्षा साडेबारा डॉलरहून महाग आहे का? मोठ्या कंपनीचा एका लाइनचा अनलिमिटेड प्लॅन ८० धरला आणि व्हिजिबल या स्वस्त सेवेचा २५ चा, तर फरक ५५. तीन वर्षांत १,९८०. साडेचारशेसाठी दोन हजार!

सेल्स टॅक्सही बहुतेक ठिकाणी पूर्ण किमतीवर आणि पहिल्याच दिवशी. न्यू जर्सीत ६.६२५ टक्क्यांनी ९९९ वर ६६ डॉलर. वर फोन चालू करण्याची फी वेगळी.

चार_लाइनी

एका लाइनपुरतं पटलं, पण घरात चार लाइन असल्या की चित्र बदलतं. मोठ्या कंपन्यांचा दर लाइनमागे झपाट्याने उतरतो. चार लाइनला तो ५० च्या आसपास आला आणि एखाद्या स्वस्त सेवेत ३० पडले, तर फरक २० चाच राहतो.

दुसरं, तुम्ही बाहेर ३५० येणारा फोन धरलात. ऑफरची खरी गंमत पडीक फोनमध्ये आहे. 'कुठलाही फोन, कुठल्याही अवस्थेत' अशा ऑफर येतात तेव्हा काच तडकलेल्या, बाहेर जेमतेम ६० येणाऱ्या फोनलाही ८०० मिळू शकतात. मग जास्तीचे झाले ७४०, म्हणजे महिना साडेवीस. तुमच्याच सूत्राने ऑफर किंचित जिंकते. वर गर्दीत नेट टिकतं ते वेगळं. स्टेशनवर, स्टेडियममध्ये स्वस्त सेवांचा डेटा आधी मागे ढकलला जातो.

मात्र जुन्या प्लॅनवर बसून पूर्ण सूट मिळेल असं गृहीत धरू नका. टी-मोबाइलकडे सूट प्लॅनच्या पायरीवर ठरते, जुन्या किंवा खालच्या प्लॅनला कमी मिळते. एटी अँड टीने २०२० च्या ऑक्टोबरपासून जुन्या आणि नव्या ग्राहकांना एकच ऑफर देण्याचं धोरण ठेवलं आहे.

भारतवारी

दोघांचंही गणित बरोबर, पण आपल्या लोकांची अडचण कुणी मांडलीच नाही: लॉक, म्हणजे फोन फक्त त्याच कंपनीच्या सिमवर चालणं.

एटी अँड टी आणि टी-मोबाइल हप्ते फिटेपर्यंत फोन अनलॉक करत नाहीत. बँकेच्या ओटीपीसाठी आपल्यापैकी बरेच जण एअरटेल किंवा जिओचा नंबर रोमिंगवर जिवंत ठेवतात. तो नंबर लॉक फोनमध्ये चालत नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमची खाचच नाही, त्यामुळे भारतीय नंबर ई-सिमवर (फोनमध्येच साठवल्या जाणाऱ्या सिमवर) आणावा लागतो आणि लॉक फोन तेही नाकारतो. पुण्यात उतरल्यावर लोकल सिमही नाही. टी-मोबाइलच्या वरच्या प्लॅनमध्ये भारतात डेटा मिळतो, पण ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर त्यातून मिळत नाही.

हप्ते आधी फेडून सुटका करून घेऊ म्हणाल, तर एटी अँड टीकडे हप्ते संपले की सूटही संपते. म्हणून फेडण्यापूर्वी ऑफरची अट वाचाच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी तर ३६ महिने इथेच राहणार का, याचा विचार आधी करावा. नोकरी गेली आणि परत जायचं ठरलं, की सामानाच्या यादीत फोनची बाकीही येते.

चार_लाइनी

भारतवारी, ओटीपीसाठी जुना अनलॉक फोन कपाटात ठेवता येतो की. तोच देऊ नका, दुसरा द्या.

भारतवारी

अहो, मग ८०० मिळवायला देणार काय? पडीक फोन दोन असतील तरच हे जमेल.

पाकीटबंद

ट्रेड-इन घ्यायचंच ठरलं असेल तर नुकसान बहुतेक वेळा जुना फोन कंपनीकडे पाठवताना होतं. त्याबद्दल.

आधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा आणि कंपनीच्या कागदावर तोच नंबर आहे ना, जुळवा. दोन आकडे उलटे पडले तरी फोन 'मिळाला नाही' ठरतो. नवा फोन सुरू करून ई-सिम आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅप (लॉगिनचे कोड देणारं) त्यावर गेल्याची खात्री करा, तोवर जुना पुसू नका. आयफोनमध्ये 'फाइंड माय' बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडा. चोरीपासूनचं संरक्षण चालू असेल आणि तुम्ही घराबाहेर असाल, तर तासभर थांबावं लागतं. अँड्रॉइडमध्ये आधी गूगल आणि सॅमसंग खातं काढा, मगच रीसेट. उलट केलंत तर फोन मागच्या खात्याला बांधलेलाच राहू शकतो आणि किंमत शून्यावर येऊ शकते. बॅटरी फुगलेला फोन पाकिटात घालू नका, तो घेतही नाहीत आणि धोक्याचाही आहे.

पाठवण्याआधी चालू पडदा, मागची बाजू आणि आयएमईआय दिसेल असा एकच अखंड व्हिडिओ काढा. जवळ दुकान असेल तर तिथेच देऊन पावती घ्या. सूट दोन-तीन बिलांनंतर सुरू होते. तोवर पावती, ट्रॅकिंग नंबर आणि ऑफरच्या अटींचा स्क्रीनशॉट जपा. नंतर ते पान बदललेलं असतं.

हिशेबनीस (धागाकर्ता)

चार_लाइनी, पडीक फोनचा मुद्दा मान्य, माझं सूत्र तिथे तुमच्या बाजूने झुकतं. पण तुमच्या ५० मध्ये ऑटोपेची (बिल आपोआप भरण्याची) सवलत धरलेली आहे. ती पूर्ण मिळवायला बँक खातं किंवा डेबिट कार्ड जोडावं लागतं. बिल क्रेडिट कार्डने भरल्यावर काही कार्डं जो फोनविमा देतात, तो मग गेला. साडेवीस आणि वीस यांतला अर्धा डॉलर तिथेच संपला.