मदत हवी आहे: धुळीच्या वादळाचा दिवस वार्षिक सरासरीतून वगळता येतो का?

२३ जानेवारी २०२२ आठवतोय? पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचं आभाळ मळकट झालं होतं आणि गाड्यांवर पांढरट भुकटी साचली होती. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी मुंबईच्या पीएम१० च्या (हवेतल्या १० मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांच्या) नोंदी तपासतेय आणि या दिवसांपाशी अडलेय.

हवेच्या गुणवत्तेची २००९ ची राष्ट्रीय मानकं वाचली. २४ तासांची मर्यादा (१०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) वर्षातले २ टक्के वेळा ओलांडलेली चालते, पण सलग दोन दिवस नाही. वादळाची धूळ मात्र दोन-दोन दिवस रेंगाळते! शिवाय ही सवलत वार्षिक सरासरीला नाही, आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (शहरांमधलं प्रदूषण कमी करण्याच्या केंद्राच्या योजनेत) शहरांची प्रगती मोजतात ती वार्षिक पीएम१० वरच.

अमेरिकेत घटना अपवादात्मक होती आणि प्रदूषण तिच्यामुळेच वाढलं, हे राज्याने पुराव्यानिशी दाखवलं तर तो डेटा वगळता येतो. युरोपात सहारातल्या धुळीचा वाटा वजा करतात. मला युरोपची पद्धत जास्त पटते, कारण त्यात शहराची स्वतःची धूळ हिशेबात राहते.

वाऱ्याचे मार्ग हायस्प्लिटवर (हवा कुठून आली ते मागे जाऊन शोधणाऱ्या संगणकीय मॉडेलवर) काढून झालेत, त्यामुळे धूळ कुठून आली हा प्रश्न नाही. धुळीचं रासायनिक पृथक्करण माझ्याकडे नाही, करून घेणंही शक्य नाही. फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरचे तासातासाचे आकडे आहेत.

प्रदूषण मंडळात किंवा महापालिकेत काम केलेलं कुणी असेल तर सांगा: आपल्याकडे असे दिवस वगळण्याची लेखी तरतूद आहे का? असल्यास कोणत्या परिपत्रकात? आणि नसल्यास, नुसत्या तासाच्या आकड्यांवरून बाहेरच्या धुळीचा वाटा कसा वेगळा काढावा?